शंभरातले किती

ज्या वर्षी सुनेच्या, ऋतुजाच्या, पोराचं जावळ निघालं, त्याच वर्षी मुरलीअण्णा कासारांच्या छातीत पहिल्यांदा दाबल्यासारखं झालं. २०३७ साल, दिवाळी तोंडावर आलेली. तासगावाबाहेरच्या देवीच्या टेकडीवर सगळा गोतावळा चढत होता. पोर मामाच्या कडेवर होतं, न्हावी आधीच वर जाऊन बसला होता, आणि अण्णा देवीसाठी हिरव्या बांगड्यांची पेटी घेऊन सगळ्यांच्या पुढं निघाले होते. अर्ध्या वाटेत ते एकाएकी पायरीवर टेकले. मागून येणाऱ्या विमलला, त्यांच्या बायकोला, वाटलं चपलेत खडा गेला.

"काय झालं?"

"काही नाही. तू हो पुढं."

इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस 'तू हो पुढं' असं कधी म्हणाला नव्हता. टेकडी असो, लग्नाची पंगत असो, पुढं तेच. विमल त्यांच्या शेजारीच बसली. वारा गार सुटला होता आणि अण्णांच्या कपाळावर घाम होता.

जावळ पार पडलं, गूळखोबरं वाटून झालं, आणि दुसऱ्याच दिवशी तेजसनं, त्यांच्या मुलानं, बापाला गाडीत घालून मिरजेला नेलं.

मिरजेच्या डॉक्टर नाझनीन मुजावर तरुण होत्या, बोलायला सडेतोड. त्यांनी हृदयाच्या रक्तवाहिनीचा फोटो काढला आणि पडद्यावर लावला. पांढऱ्या फांदीसारखी ती वाहिनी, आणि एका जागी कुणी चिमटीत धरल्यासारखी बारीक झालेली.

तेजस पुढं वाकला. "सत्तर टक्के बंद दिसतंय. मग वाट कसली बघायची? आजच टाका की स्टेंट."

"फोटोत फक्त वाट किती रुंद ते दिसतं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पलीकडे रक्त पुरेसं पोचतं का, ते दिसत नाही. अण्णा, तुमची कासार गल्ली रुंद आहे का?"

"कसली रुंद. समोरासमोर दोन माणसं आली तर एकानं ओट्यावर चढायचं."

"एरवी दुपारी तिथं काही अडतं?"

"एरवी कोण येतंय? बाजारादिवशी मात्र म्हैस अडकली तर संध्याकाळपर्यंत तिथंच."

"तेच बघायचं आहे मला. तुमच्या हृदयात बाजार भरवायचा आणि वाट अडते का बघायची."

मग त्यांनी ते करून दाखवलं. केसासारखी तार मनगटातून आत सोडली, तिच्या टोकाला दाब मोजणारा बारीक डोळा. औषध देऊन हृदयातल्या सगळ्या बारीक वाहिन्या उघडवल्या, म्हणजे रक्ताची मागणी एकदम वाढते. अशा वेळी अरुंद जागेच्या अलीकडे दाब शंभर धरला, तर पलीकडे किती उरतो, हा हिशेब. पलीकडे नव्वद उरला तर वाट अरुंद दिसली तरी चालू आहे, तिला हात लावायचा नाही, गोळ्यांवर भागतं. सत्तर उरला तर हृदय उपाशी राहतं, तिथं स्टेंट टाकून वाट रुंद करायची. ऐंशी ही मधली रेघ.

अण्णांचा आकडा नेमका ऐंशीवर येऊन थांबला.

"आता?" विमलनं विचारलं.

"आता टेबलावरची दोन मिनिटं पुरणार नाहीत," डॉक्टरबाई म्हणाल्या. "घरची परीक्षा घ्यायची."

त्या सुमाराला ही नवी सोय निघाली होती. तांदळाच्या कणीएवढं एक यंत्र त्याच तारेवरून अरुंद जागेच्या पलीकडे नेऊन बसवायचं. तिथं ते वाहिनीला चिकटून राहतं आणि पुढच्या पावसाळ्यापर्यंत आपसूक विरघळतं. अलीकडचा दाब मनगटावरचा पट्टा मोजतो, पलीकडचा ती कणी मोजते, आणि दोन्हींचा मेळ घालून आकडा दवाखान्यात जातो. घरच्यांना हवा असेल तर त्यांच्याही फोनवर येतो.

"घरी जा आणि नेहमीसारखं जगा," निघताना डॉक्टरबाई म्हणाल्या. "चढा, उतरा, ओझं उचला, भांडा. संक्रांतीनंतर मी सगळं एकत्र बघते आणि ठरवते, टाकायचा की नाही."

हे वाक्य तिघांनीही ऐकलं. पण दवाखान्यातून आलेल्या माणसाला नेहमीसारखं जगू देणारं घर आपल्याकडे अजून जन्माला यायचं आहे.

तेजसनं आईच्या, ऋतुजाच्या आणि स्वतःच्या फोनवर आकडा लावून घेतला. ब्याऐंशीच्या खाली गेला की तिन्ही फोन थरथरतील अशी व्यवस्था केली. अण्णांना स्वतःला कुणी तो दाखवला नाही. त्यांचा फोन जुना होता, आणि त्यांनीही मागितला नाही.

पहिले आठ-दहा दिवस बरे गेले. मग भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुकानात बापलेकात वाजलं. तेजसला बांगड्यांचं यंत्र आणायचं होतं. सांगलीत दोन दुकानांत आलं होतं. बाईनं हात आत घालायचा, यंत्र माप घेणार आणि मनगटावरच बांगडी जोडून देणार. कुणी हात दाबायला नको, कळ नको, काच फुटायची भीती नको.

"मग मी काय करू?" अण्णा म्हणाले. "गल्ल्यावर बसून माश्या मारू?"

"अण्णा, आता बायकांना वेळ नाही बसायला."

"बायकांना वेळ आहे. तुला नाही. हात धरल्याशिवाय कासार कसला रे? ते यंत्र काय विचारणार आहे का, माहेरी कधी गेली होतीस म्हणून?"

आवाज चढला. आणि तिन्ही फोन थरथरले. एकोणऐंशी.

ऋतुजा आतून पोराला घेऊन धावत आली. विमलनं हातातलं टाकलं. तेजस वाक्याच्या मध्येच थांबला आणि म्हणाला, "बरं अण्णा. तुम्ही म्हणाल तसं."

अण्णा त्याच्याकडे बघतच राहिले. तेजस आणि 'तुम्ही म्हणाल तसं'?

त्या दिवसापासून घर बदललं. विमलनंच नियम घातला: अण्णांना दुखेल असं कुणी बोलायचं नाही. भाजीत मीठ बरोबर असलं तरी अण्णा कमी म्हणाले तर कमीच असं धरायचं. वीजबिल, शेजाऱ्याचा ओटा, व्याह्यांचा रुसवा, काही त्यांच्यापर्यंत न्यायचं नाही. दुकानातल्या पेट्या तेजस उचलायचा. टेकडी बंद, जिना बंद. आकडा अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, असा गुळगुळीत चालू लागला आणि विमल दिवसातून वीस वेळा फोन बघून पदराला पुसू लागली.

गावालाही कळलं. गाव ते. दुकानात येणाऱ्या बायका घासाघीस करेनाशा झाल्या. अण्णांनी मुद्दाम एकीला दुप्पट भाव सांगितला. ती पैसे ठेवून म्हणाली, "असू दे अण्णा, तब्येतीला जपा."

"ही काय गिऱ्हाइकं आहेत?" अण्णा घरात येऊन म्हणाले. "मेल्यांना माझी कीव येते. विमल, आजची आमटी पातळ होती."

"होय, चुकलंच माझं."

अण्णांनी ताट बाजूला सारलं. "चुकलं? तू? लग्न झाल्यापासून तुझं एकदा तरी चुकलंय का? तू मला पाहुण्यासारखं का वागवायला लागलीस?"

विमलला हसू आलं आणि त्याच्यापाठोपाठ रडू. ती आत गेली. खरं तर तिलाच करमेना झालं होतं. या माणसाशी भांडूनच तिचा दिवस उजाडायचा. आता सकाळी उठलं की जिभेला काम नव्हतं. सगळ्या घराला मऊ कापूस लावल्यासारखं झालं होतं. कुठंही डोकं आपटलं तरी आवाज नाही.

मार्गशीर्षात जतहून हणमंताचा फोन आला. हणमंता म्हणजे अण्णांच्या थोरल्या बहिणीचा, अक्कांचा, मुलगा. अण्णा आंघोळीला गेले होते म्हणून फोन विमलनं उचलला.

"मामी, मामा जवळ आहेत?"

"नाहीत. बोल."

"आईच्या पोटात पाणी झालंय. यकृत गेलंय म्हणतात. घरीच न्या म्हणाले. ती मामाला बोलवायला लागलीय."

विमल चुलीपुढच्या पाटावर बसली. अक्का म्हणजे अण्णांची आईच. आई लवकर गेली, तेव्हा अक्कांनीच त्यांना वाढवलं. बापानं बांगड्या भरायचा धंदा शिकवला, पण शिकताना ज्या हातावर अण्णांनी पहिली बांगडी भरली आणि जखम केली, तो हात अक्कांचा होता. अजूनही दर संक्रांतीला अण्णा जतला जाऊन अक्कांना बांगड्या भरून यायचे. दुसऱ्या कुणा कासाराला अक्का हात देत नसत. सासर कासारांचंच, घरात दीर, पुतणे, सगळे भरणारे, तरी नाही.

"हणमंता," विमल म्हणाली, "मामांच्या छातीचं तुला माहीत आहे. त्यांना हे सांगितलं तर काय होईल मला माहीत नाही."

"मग काय सांगू तिला?"

"दवाखान्यानं प्रवास बंद केलाय म्हण."

"आणि मामांनी फोन केला तर?"

विमलनं क्षणभर विचार केला. "तिला ऐकू येईना झालंय म्हण. फोन तूच धर."

असं ते खोटं सुरू झालं. दर रविवारी अण्णा फोन लावून मोठ्यानं ओरडायचे, "अक्का, मी मुरली. बरी आहेस ना?" तिकडून हणमंता म्हणायचा, "मामा, ती हसली बघा." अण्णा खूश होऊन फोन ठेवायचे. आकडा एक्क्याण्णव. विमल फोनकडे बघायची आणि तो चांगला आकडा तिला इंगळी चावल्यासारखा चावायचा.

संक्रांत आली. अण्णा पेटी भरू लागले, अक्काला जायचं म्हणून. तेजस म्हणाला, "अण्णा, थंडी फार आहे, महिनाभरानं जाऊ." अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, मग विमलकडे पाहिलं. पेटी तशीच कोपऱ्यात ठेवली. त्या दिवसापासून ते घरात येरझाऱ्या घालू लागले, न्हाणीपासून दारापर्यंत, दारापासून न्हाणीपर्यंत, बैलगाडीच्या चाकासारखे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "माझ्या घरात मला काहीतरी हरवल्यासारखं वाटतंय."

संक्रांतीनंतर पंधरवड्यानं पुन्हा हणमंताचा फोन. या वेळी तो रडत होता.

"मामी, आईचे हात वाळून काटक्या झालेत. अंग पुसताना बांगड्या आपोआप निसटून पडल्या. दोन्ही हात मोकळे. बाबा जिवंत असताना तिचे हात असे बघवत नाहीत. काका भरायला बसले तर तिनं मूठ मिटून घेतली. म्हणते, मुरल्या येईल. मी किती दिवस सांगू दवाखाना, दवाखाना?"

विमलनं फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी गुडघे दाखवायला जाते म्हणून ती एकटीच एसटीनं मिरजेला गेली आणि डॉक्टर मुजावरांपुढं बसली.

"मला एवढंच सांगा," ती म्हणाली, "आकडा किती असताना त्यांना वाईट बातमी सांगता येईल?"

डॉक्टरबाईंनी तिचं सगळं ऐकून घेतलं. मग अण्णांचा आलेख पडद्यावर लावला. सुरुवातीचे आठ-दहा दिवस रेघ वरखाली होत होती, डोंगरासारखी. एके ठिकाणी ती एकोणऐंशीला टेकून पुन्हा वर आली होती. त्यानंतर सरळ रेघ. सपाट.

"हे काय आहे सांगा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मी आठवडाभर डोकं खाजवतेय. हा माणूस झोपून असतो का?"

"नाही. आम्ही जपतो त्यांना."

"कसं जपता?"

विमलनं सांगितलं. जिना, पेट्या, आमटी, भाव, सगळं. डॉक्टरबाईंनी चष्मा काढून ठेवला.

"मावशी, हे मी तुमच्यासाठी नव्हतं लावलं. माझ्यासाठी लावलं होतं. हृदयाला काम पडलं की त्याला जास्त रक्त लागतं. तेव्हाच ती अरुंद जागा अडते की नाही ते कळतं. तुम्ही कामच पडू दिलं नाही. बाजार भरलाच नाही तर मी काय बघू? हा एक्क्याण्णव पाहून तुम्हाला बरं वाटत होतं ना? मला त्याचा काडीचा उपयोग नाही. स्टेंट टाकायचा की नाही, हे मला दिवाळीला ठाऊक नव्हतं आणि आजही ठाऊक नाही."

"म्हणजे आम्ही त्यांचं नुकसान केलं?"

"दोन-तीन महिने वाया घालवले. आकडा खाली जाणं म्हणजे अपाय नाही. पळणाऱ्याला धाप लागते, तसं ते. खाली जाऊन छातीत दुखतं का, दुखलं तर किती वेळ, हे मला हवं होतं."

"आणि बातमी?"

डॉक्टरबाईंनी आलेख बंद केला. "खोटं बोलत नाही. काही होणारच नाही, असं मी लिहून देणार नाही. हा आकडा एका नळीचा आहे. माणूस किती सोसेल ते त्यात येत नाही. तुम्ही बायको आहात, तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. जिभेखालची गोळी जवळ ठेवा. सांगितलंत तर मला फोन करा, मी आकडा बघत बसते."

एसटीत विमलला बसवेना. उभीच राहिली. जागा होती तरी दांडा धरून उभी. सांगावं तर हा माणूस दुकानातच कोसळेल. न सांगावं तर अक्का मोकळ्या हातांनी जातील, आणि तेराव्याला अण्णा तिच्याकडे ज्या नजरेनं बघतील, त्या नजरेसमोर तिला उरलेलं आयुष्य काढावं लागेल. कंडक्टर म्हणाला, "मावशी, बसा की." ती म्हणाली, "बसवत नाही बाबा."

ती दुकानात आली तेव्हा अण्णा एका नव्या सुनेला बांगड्या भरत होते. शेवटची बांगडी चढली. पोरीनं रीतीप्रमाणे कासाराला वाकून नमस्कार केला आणि गेली. विमल दाराशीच उभी होती.

"गुडघे काय म्हणतात?" अण्णांनी विचारलं.

"गुडघ्यांना काही झालेलं नाही. मी खोटं बोलले. अहो, वन्संचे फार दिवस राहिले नाहीत."

अण्णांच्या हातात काचेचा जुडगा होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"कधीपासून?"

"मार्गशीर्षापासून. त्यांना ऐकू येतं. सगळं ऐकू येतं. त्या तुम्हाला बोलवतायत आणि आम्ही तुम्हाला सांगितलं नाही."

"कुणी ठरवलं?"

"मी."

विमलच्या पिशवीतला फोन थरथरू लागला. आतून ऋतुजा धावत आली, तिच्याही हातात फोन. "आई, अठ्ठ्याहत्तर. आई, काय झालं?"

"बंद कर ते," अण्णा म्हणाले. आवाज मोठा नव्हता. मग मोठा झाला. "दर रविवारी मी वेड्यासारखा ओरडत होतो, आणि तुम्ही दात काढत होता?"

"कुणी दात काढले नाहीत."

"मी काय तान्हा आहे? तू मला भरवायचं आणि तूच तोंड पुसायचं? माझी बहीण मरायला टेकली आणि मला आमटी कशी झाली ते विचारता? तुझ्या बापानं तुला हेच शिकवलं काय?"

"बापाला मध्ये आणू नका," विमल म्हणाली. "तुमच्या छातीत दुखलं तेव्हा तुमच्या बहिणीनंच मला बजावलं होतं, मुरल्याला सांभाळ म्हणून. सांभाळलं. चुकलं असेल. पण मजा म्हणून नाही केलं. तुम्ही त्या पायरीवर बसलात ना, तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही."

कित्येक दिवसांनी दोघं भांडत होती. ऋतुजा फोन धरून मध्येच उभी, एकदा सासूकडे, एकदा सासऱ्याकडे बघत. अण्णा उठले, कोपऱ्यातली पेटी ओढली आणि तिथंच थांबले. डावा हात छातीवर गेला.

"दुखतंय?" विमलनं विचारलं.

"दुखतंय. गच्च धरल्यासारखं."

तिनं त्यांना खाली बसवलं, जिभेखाली गोळी ठेवली आणि डॉक्टरबाईंना फोन लावला. तिनं काही बोलायच्या आधीच पलीकडून आवाज आला, "बघतेय मी. पंचाहत्तर. त्यांना बसवून ठेवा. घाम आहे?"

"थोडा."

"हातात कळ जातेय का? श्वास?"

"नाही म्हणतात. श्वास बरा आहे."

"फोन ठेवू नका."

रस्त्यावरून सायकलवाला भंगार ओरडत गेला. हळूहळू अण्णांच्या चेहऱ्याचा पीळ सुटला. आकडा चढू लागला: अठ्ठ्याहत्तर, ब्याऐंशी, सत्त्याऐंशी.

"थांबलं," अण्णा म्हणाले.

"आता मला कळलं," फोनमधून डॉक्टरबाई म्हणाल्या. "ही वाट अडते. स्टेंट लागणार. आत्ता या म्हणेन मी, माझं काम तेच आहे. पण तुम्ही कुठं निघालात ते मला दिसतंय. गेलात तर गाडीनं जा, चढ नको, ओझं नको. पुन्हा दुखलं आणि गोळीनं थांबलं नाही तर तिथल्या तिथं दवाखाना. आणि परत आलात की आधी इथं, मग घरी."

तेवढ्यात बाहेर गेलेला तेजस फोन बघून धावतपळत आला. त्याला आल्या आल्या सगळं कळलं.

"आई, तू मारणार आहेस त्यांना. डॉक्टर आत्ता या म्हणाल्या ना? मग मिरज. जत नंतर."

"नंतर जत असेल, वन्सं नसतील."

"आणि रस्त्यात काही झालं तर?"

"झालं तर आईनं मारलं म्हण. सगळ्या गावाला सांग. पण बहिणीचं तोंड न बघता यांना घरात ठेवायचं आता मला जमत नाही. गाडी काढ."

तेजसनं बापाकडे पाहिलं. अण्णा म्हणाले, "पेटी तू घे. मला ओझं बंद आहे." आणि मग, "त्या यंत्राचं आपण आल्यावर भांडू. मी काही हो म्हटलेलं नाही."

जतला पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. अक्कांची खाट सोप्यात खिडकीशी होती. शेजारी त्यांचे यजमान, अण्णांचे दाजी, पंख्यानं माशा वारत बसलेले. अक्का म्हणजे एवढीशी, गोधडीखाली कुणी आहे की नाही कळू नये इतकी.

"अक्का, मी मुरली," अण्णा सवयीनं ओरडले.

अक्कांनी डोळे उघडले. "ओरडतोस कशाला? मी काय बहिरी हाय?"

अण्णांनी विमलकडे पाहिलं. विमलनं खाली पाहिलं. दाजी मात्र खो खो हसले, बऱ्याच दिवसांनी हसले असावेत.

"उशीर केलास मुरल्या," अक्का म्हणाल्या. "छातीचं कसं हाय?"

"अडकलंय म्हणतात. जाळी बसवणार."

"बसवून घे. घाबरू नको."

"मी कुठं घाबरलो? ही घाबरली होती." त्यांनी विमलकडे हनुवटीनं खूण केली.

"तिला बोलू नको. हात बघ माझे."

अण्णांनी पेटी उघडली. अक्कांच्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या बाजूला ठेवल्या आणि तळातून लहान मुलींच्या मापाच्या हिरव्या बांगड्या काढल्या. त्यांचा हात आपल्या हातात घेतला. बांगडी भरताना कासार अंगठ्याच्या बुडाशी हात दाबतो, बोटं जुळवतो, हाड मऊ करतो, मग बांगडी ओढतो, आणि बाई 'आई गं' म्हणते. अक्कांनी सवयीनं ओठ आवळले. पण दाबावं लागलंच नाही. बांगडी पाण्यातून जावी तशी गेली. दुसरीही गेली. अण्णांचे हात मध्येच थांबले.

"का रे?"

"काही नाही. तुझं हाड पहिल्यापासून सरळच होतं."

"खोटं बोलू नको. पहिल्या दिवशी रक्त काढलं होतंस."

दोन्ही हात भरून झाले. आता रीतीप्रमाणे बांगड्या भरून घेणारीनं कासाराला नमस्कार करायचा. थोरली असून अक्का तो दरवर्षी करायच्या, म्हणायच्या, आत्ता तू कासार, उठलास की भाऊ. आज त्यांनी मान उचलायचा प्रयत्न केला. अण्णांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना झोपवलं आणि स्वतः खाटेच्या पायथ्याशी जाऊन त्यांच्या पायांवर डोकं टेकलं. बराच वेळ टेकलं. विमलच्या पिशवीत फोन थरथरत होता. तिनं पिशवी उचलून अंगणात तेजसकडे दिली आणि परत येऊन उभी राहिली.

परतताना मिरजेच्या वेशीपाशी अण्णा म्हणाले, "आमटी खरंच पातळ होती त्या दिवशी."

"पातळ नव्हतीच," विमल म्हणाली. "तुमच्या जिभेला चव नव्हती."

अण्णांनी मान डोलावली आणि काचेतून बाहेर बघू लागले.

फेब्रुवारीच्या पहिल्या तारखेला त्यांना स्टेंट बसवला. त्यानंतर पुन्हा औषध देऊन डॉक्टरबाईंनी दाब मोजला, तो शंभरातले त्र्याण्णव आला. घरी येताच अण्णा आणि तेजस त्या यंत्रावरून दोन दिवस भांडले. अखेर यंत्र आणायचं, पण हात अण्णांनीच धरायचा, असं काहीतरी ठरलं. कुणाचंच समाधान झालं नाही.

नंतरच्या आठवड्यात एका सकाळी अण्णा आरशापुढं दाढी करत होते. विमल भाकरीचं पीठ मळत होती, आणि हणमंताचा फोन आला. तिनं ऐकून घेतलं, पिठाच्या हातांनी तशीच उठली आणि आरशात त्यांच्या मागं जाऊन उभी राहिली. ऋतुजा फोनकडे धावली, तिला विमलनं हातानंच थांबवलं. अण्णांनी आरशातून विमलकडे पाहिलं आणि वस्तरा खाली ठेवला. तिनं सांगितलं. अक्कांना नेसवायला माहेरचं शेवटचं लुगडं घेऊन अण्णा स्वतः गेले.

कलावती रामचंद्र कासार, वय बहात्तर, मंगळवार, ९ फेब्रुवारी २०३८ रोजी सकाळी जत इथं आपल्या घरी वारल्या.